दचकलो म्हणजे घाबरलो असं नाही

हॉरर पिक्चर बघून आलेल्या माणसाला आपण एकच प्रश्न विचारतो, घाबरलास का? आणि तो सांगतो, हो ना, पाच-सहा वेळा जाम दचकलो. म्हणजे विचारलं भीतीबद्दल आणि उत्तर आलं दचकण्याबद्दल, आणि दोघांनाही त्यात काही गडबड वाटत नाही. मला वाटतं हॉररबद्दलचं आपलं सगळं बोलणं इथेच घसरतं. पिक्चर चांगला की वाईट हे आपण ठरवतो किती वेळा खुर्चीतून उडालो यावर, आणि ज्यात उडायला मिळालं नाही तो 'स्लो आहे', 'काही होतच नाही', 'झोप आली' अशा एका ओळीत निकालात निघतो. बनवणारेही हे वाचतात. मग पुढच्या पिक्चरमध्ये थोड्या थोड्या वेळाने एक किंचाळणारा चेहरा कॅमेऱ्यासमोर येतो आणि त्याच्यासोबत एवढा मोठा आवाज, की त्या चेहऱ्याच्या जागी एखादं फूल दाखवलं असतं तरी आपण तेवढेच दचकलो असतो.

हे मी शब्दशः म्हणतोय. दचकणं ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. अचानक मोठा आवाज झाला की पापण्या मिटतात, खांदे वर जातात, मान आत ओढली जाते, आणि हे सगळं सेकंदाच्या छोट्याशा तुकड्यात, काय झालं ते डोक्याला कळायच्याही आधी. तान्ह्या बाळालाही होतं ते. त्यासाठी गोष्ट लागत नाही, पात्रं लागत नाहीत, अभिनय तर अजिबात लागत नाही. भीतीचं तसं नाही. भीतीला वेळ लागतो. भीती वाटायला तुम्हाला काहीतरी माहीत असावं लागतं आणि काहीतरी माहीत नसावं लागतं, आणि मधली जागा तुमची तुम्हीच भरावी लागते. म्हणून माझं म्हणणं असं की भयपट किती वेळा दचकवतो हे मोजणं सोडून द्यायला हवं. मोजायचंच असेल तर त्याने आपल्याला किती वेळ कामाला लावलं ते मोजा, म्हणजे त्या अंधाऱ्या दाराकडे आपण कोणी न सांगता किती वेळ बघत राहिलो, पडद्याच्या कडेला काही हललं का ते किती वेळा तपासलं, हातातला पॉपकॉर्न तोंडापर्यंत न जाता किती वेळ तसाच राहिला.

आता यावर लगेच कोणी म्हणेल की तुम्हाला जंप स्केअर, म्हणजे अचानक काहीतरी समोर आणून दचकवण्याची युक्ती, आवडत नाही. तसं नाहीये. जंप स्केअर ही जुनी आणि कसबाची गोष्ट आहे. १९४२ चा 'कॅट पीपल' घ्या, निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जाक तूर्नर, पैसे अगदी बेताचे. त्यात एक बाई रात्री पार्कच्या कडेने एकटी चालत घरी निघालीय. रस्त्यावर दिव्याचा उजेड, मग अंधार, परत उजेड, परत अंधार. तिच्या टाचांचा आवाज येतोय आणि मागून आणखी एका बाईच्या टाचांचा. मग मागचा आवाज थांबतो. बस, एवढंच. आवाज थांबतो, आणि आपण कान टवकारतो, कारण मागे चालणारी बाई थांबली की तिचं दुसरंच काहीतरी झालं (गोष्टीत ती चिडली की बिबट्यासारखं जनावर होते) हे आपल्याला कळत नाही. पुढची बाई वळून बघते, पाय उचलते, जवळजवळ पळायलाच लागते, आणि मग एक फिस्कारल्यासारखा कर्कश आवाज येतो आणि बाजूने फ्रेममध्ये घुसते एक सिटी बस. तो आवाज बसच्या ब्रेकचा. या युक्तीला सिनेमावाले आजही 'ल्यूटन बस' म्हणतात. पण बघा, त्या बसचं दचकणं हे आधीच्या सगळ्या चालण्यातून आलेलं आहे. आपण मनातल्या मनात जनावर तयार करून ठेवलं होतं, बसने फक्त तो फुगा फोडला. नंतरच्या कितीतरी पिक्चरांनी त्यातली बस तेवढी उचलली आणि रस्ता सोडून दिला.

आवाजाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं कारण हॉरर निम्म्याहून जास्त कानातच घडतो. 'जॉज' (१९७५) मधले संगीतकार जॉन विल्यम्सचे ते दोन सूर सगळ्यांना माहितीयेत, पण ते वापरलेत कसे याकडे फारसं कोणी बघत नाही. पिक्चर सुरुवातीपासून आपल्याला एक नियम शिकवतो: सूर वाजले म्हणजे शार्क आहे. मग मध्येच दोन पोरं शार्कचा खोटा पर लावून लोकांना घाबरवतात तेव्हा समुद्रावर एकच गोंधळ उडतो, आरडाओरडा, पळापळ, आणि म्युझिक मात्र वाजत नाही. म्हणजे पिक्चर आपल्याशी प्रामाणिक राहतो, ज्याने लक्ष दिलंय त्याला कळतं की इथे धोका नाही. आणि एकदा हा विश्वास पक्का बसला की पुढे बोटीवर, गप्पा चाललेल्या असताना, एकही सूर न वाजवता शार्क पाण्यातून वर येतो. त्या क्षणी जे होतं ते नुसतं दचकणं नसतं, तासाभरापासून ज्याच्या भरवशावर आपण निवांत होतो तो आधारच काढून घेतला जातो. यापुढे शांत पाणीसुद्धा सुरक्षित नाही. एका शॉटने उरलेल्या सगळ्या पिक्चरमधलं पाणी बदलून टाकलं, याला मी कारागिरी म्हणतो.

उलट आजकाल काय होतं, की पात्र दार उघडायला जातं, म्युझिक हळूहळू विरत जातं, सगळं एकदम सामसूम, आणि थिएटरमधला प्रत्येक माणूस डोळ्यांसमोर हात धरून तयार बसतो. शांतता हा आता इशारा झालाय, भोंगा वाजवून सांगितल्यासारखा. मग एक मांजर उडी मारतं, हुश्श होतं, आणि बरोबर दोन सेकंदांनी खरा धक्का. ही चाल एवढ्या वेळा झालीय की प्रेक्षक सेकंद मोजत बसतो, घाबरत नाही. मला राग येतो तो याचा, की शांतता ही भयपटाची सगळ्यात महाग वस्तू होती आणि ती अशी फुकट उडवली गेली.

आवाजाने कामाला लावणं म्हणजे काय ते 'द शायनिंग' (१९८०) मध्ये बघायला मिळतं. लहान मुलगा रिकाम्या हॉटेलच्या कॉरिडॉरमधून तीनचाकी सायकल फिरवतोय, स्टेडीकॅम (चालताना धक्के न बसू देणारा कॅमेरा) जमिनीलगत त्याच्या मागे मागे, आणि चाकं लाकडावरून गेली की खडखडाट, कार्पेटवर चढली की एकदम गप्प, परत लाकूड, परत खडखडाट. घडत काहीच नाही. पण कानाला त्या लयीची सवय होते आणि प्रत्येक वळण यायच्या आधी आपला श्वास अडकतो. लायटिंगही बघा, अंधार नाहीच, सगळं लख्ख उजेडात आहे. भीतीला अंधारच लागतो असं समजणाऱ्यांनी तो कॉरिडॉर एकदा नीट बघावा.

म्युझिक किती काम करतं याचा एक किस्सा दिग्दर्शक जॉन कार्पेंटरने स्वतः सांगितलेला आहे. त्याच्या 'हॅलोविन' (१९७८) चं म्युझिक बसायच्या आधी त्याने तो एका मोठ्या स्टुडिओतल्या बाईंना दाखवला आणि त्या अजिबात घाबरल्या नाहीत. मग त्याने ठरवलं की पिक्चर म्युझिकने वाचवायचा, आणि पियानोवर ती पाच मात्रांची धून बसवली जी आपल्या कानाला कधी पूर्ण झाल्यासारखी वाटतच नाही, चारची सवय असलेल्या कानाला दर वेळी एक मात्रा जास्तच येते आणि त्यामुळे आतून सतत काहीतरी सरकत राहतं. हा किस्सा लोक 'बघा, सगळी जादू म्युझिकचीच' असं म्हणून सांगतात. मला तो अर्धाच खरा वाटतो. कारण त्याच पिक्चरमध्ये डीन कंडी या कॅमेरामनने केलेला एक शॉट आहे, नायिका अंधाऱ्या दाराशेजारी भिंतीला टेकून रडतेय, तिच्या मागे नुसता काळोख, आणि त्या काळोखात खुन्याचा पांढरा मुखवटा हळूहळू उमटतो. तो आत येत नाही, उडी मारत नाही. डिमरवर (उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणावर) लावलेला एक छोटा दिवा अगदी सावकाश वाढवत नेलाय, एवढंच. आधी वाटतं आपल्यालाच भास होतोय, मग वाटतं नाही, आहे तिथे काहीतरी, मग कळतं की ते केव्हापासून तिथेच उभं होतं. हा शोध आपण लावतो, पिक्चर आपल्याला सांगत नाही. आणि स्वतः लावलेल्या शोधाची भीती घरी घेऊन जाता येते, कारण घरातही दारं आहेत आणि दारांत अंधार आहे.

फ्रेममध्ये मोकळी जागा ठेवणं हा त्याच विचाराचा पुढचा भाग. नेहमीच्या सिनेमात पात्र जिथे, तिथे आपली नजर, बाकीची फ्रेम सजावट. चांगला हॉरर ही सवय मोडतो. 'इट फॉलोज' (२०१४) मध्ये नियम एकच, ते काहीतरी तुमच्याकडे चालत येणार, धावणार नाही, पण थांबणारही नाही, आणि रूप कोणाचंही असेल. हा नियम कळला की दिग्दर्शक डेव्हिड रॉबर्ट मिचेलला फार काही करावंच लागत नाही. तो मोठी, रुंद फ्रेम लावतो, पात्रं पुढे बोलत असतात आणि आपण त्यांच्याकडे बघतच नाही, मागे दूरवर जो कोणी चालताना दिसेल त्याच्याकडे बघत बसतो. एका ठिकाणी कॅमेरा जागेवरच गोल फिरतो, पूर्ण फेरी मारतो, खिडकीबाहेर लांबून कोणीतरी येताना दिसतं, कॅमेरा त्याच्यावरून पुढे सरकून जातो आणि आपल्याला ओरडून सांगावंसं वाटतं की अरे थांब, तिकडे बघ. नंतर घरी येताना रस्त्यावर समोरून शांतपणे चालत येणारा माणूस दिसला तरी मी दोन वेळा त्याच्याकडे बघितलं होतं.

'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' (२००७) साधारण १५,००० डॉलरमध्ये झाला, त्यातल्या रात्रीच्या दृश्यांत तर कॅमेरा बहुतेक वेळा हलतही नाही. बेडरूममध्ये ट्रायपॉडवर ठेवलेला, कोपऱ्यात वेळ दाखवणारे आकडे, रात्र भराभर पुढे पळतेय, झोपलेली माणसं कूस बदलतायत, आणि मग आकडे पळायचे थांबून नेहमीच्या वेगाने चालायला लागतात. दृश्यात काहीही बदललेलं नाही, पण आकड्यांचा वेग बदलला म्हणजे आता काहीतरी होणार एवढं आपल्याला कळलं आणि आपण ती सगळी खोली इंच इंच तपासायला लागलो. दार तेवढं चार बोटं हलतं. चार बोटं हललेल्या दाराने थिएटर गार पडू शकतं हे त्या पिक्चरने दाखवून दिलं.

आता चांगला जंप स्केअर कसा असतो ते 'द एक्झॉर्सिस्ट ३' (१९९०) मधला हॉस्पिटलचा कॉरिडॉर बघून कळेल. कॅमेरा कॉरिडॉरच्या टोकाला लांब ठेवलेला, हलत नाही, नर्स एकटी काम करतेय. कुठलातरी आवाज येतो, ती खोलीत जाते, ग्लासमधला बर्फ तडकलेला असतो, झोपलेला पेशंट वैतागून ओरडतो, आपण दचकतो आणि मग सैलावतो. ती परत बाहेर येते, परत तोच लांबचा शॉट, माणसं येतात-जातात, रात्रपाळीचं साधं कंटाळवाणं काम, आणि तो शॉट तुटता तुटत नाही. आणि मग एका क्षणी ती एका खोलीतून बाहेर पडून वळते आणि तिच्या मागोमाग पांढऱ्या कपड्यातली एक आकृती हातात भलीमोठी कात्री घेऊन, आणि कॅमेरा एकदम झूम. इथे आवाजही मोठाच आहे, मी नाकारत नाही. पण तो आवाज काढून टाकला तरी शॉट मरत नाही, कारण एवढा वेळ आपण त्या रिकाम्या कॉरिडॉरमध्ये स्वतःची भीती जमा करत बसलो होतो. माझी कसोटी हीच आहे, आवाज बंद करून परत बघा आणि काय उरतं ते बघा.

एडिटिंगबद्दल सगळे 'सायको' (१९६०) चंच नाव घेतात आणि घेणं बरोबरच आहे. बाथरूममधल्या त्या खुनासाठी दिग्दर्शक हिचकॉकने ७८ कॅमेरा सेटअप लावले, म्हणजे कॅमेरा ७८ वेळा वेगळा मांडला, आणि एडिटिंगमध्ये ५२ कट झाले. सुरी वर जाते, तोंड किंचाळतं, पाणी पडतंय, परत सुरी, आणि वार होतो तो आपल्या डोक्यात, दोन तुकड्यांच्या मधे. वाहणारं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप होतं, पिक्चर ब्लॅक अँड व्हाईट असल्यामुळे चालून गेलं. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट ही की त्याने त्या काळचा सगळ्यात पक्का नियम मोडला, मोठी स्टार पिक्चर निम्मा व्हायच्या आधीच मेली. पोस्टरवरचा चेहरा गेला म्हटल्यावर पुढे कोणाच्या आधाराने बसायचं हेच प्रेक्षकाला कळेना. पिक्चर सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही असा आग्रह त्याने धरला होता तो त्यामुळेच.

नियमांची, म्हणजे हॉररच्या ठरलेल्या साच्यांची, आपण फार टिंगल करतो. गाडी सुरू होत नाही, फोनला रेंज नाही, सगळे वेगवेगळ्या दिशांना जातात, शेवटी एक मुलगी उरते. त्या उरलेल्या मुलीला कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी १९८७ च्या एका निबंधात 'फायनल गर्ल' असं नाव दिलं आणि दाखवून दिलं की सुरुवातीला खुन्याच्या नजरेतून बघणारा प्रेक्षक, मुलगेसुद्धा, शेवटी शेवटी त्या मुलीच्या बाजूने, तिच्या डोळ्यांनी बघायला लागतो. म्हणजे साच्याच्या आतसुद्धा नजरेची एवढी मोठी अदलाबदल चाललेली असते. साचा वाईट नसतो हो. साचा म्हणजे पिक्चरने आणि आपण मिळून मान्य केलेले नियम, आणि नियम माहीत असल्याशिवाय धोका कुठे आहे ते कळत नाही. वाईट असतो तो आळस, नियम नुसता पाळायचा आणि त्याच्याकडून काही काम करून घ्यायचं नाही.

याच्या उलट टोकाला एक वेगळाच हट्ट आहे, की भूत दाखवायचंच नाही, दाखवलं की संपलं. रॉबर्ट वाइजच्या 'द हाँटिंग' (१९६३) मध्ये भूत शेवटपर्यंत दिसत नाही, भिंतीवर धाडधाड आवाज येतात, आणि एक जाडजूड लाकडी दार श्वास घेतल्यासारखं आत फुगतं, ते बघून आजही अंगावर काटा येतो. पण त्यावरून नियम काढणं मला पटत नाही. २०१८ चा राही अनिल बर्वेंचा 'तुंबाड' बघा, त्यात हस्तर, म्हणजे सोन्यासाठी हावरट असलेला शापित देव, चक्क दाखवलाय, लालभडक, अख्खाच्या अख्खा, आणि तरी भीती कमी होत नाही. कारण तिथे भीती 'कसा दिसतो' यात ठेवलेलीच नाही. पिठाचं रिंगण, पिठाची बाहुली, ती खाण्यात तो गुंतलाय तेवढ्याच वेळात त्याच्या कमरेच्या वस्त्रात हात घालून सोन्याच्या मोहरा काढायच्या, हे नियम आपल्याला पाठ झालेत, आणि तिकडे बापाचा हावरटपणा वाढत चाललाय तोही दिसतोय, त्यामुळे या दोन्हींची टक्कर कधी होणार याचा हिशोब आपणच करत बसतो. दाखवायचं की लपवायचं हा प्रश्न दुय्यम आहे, प्रेक्षकाच्या हातात काही काम दिलंय का हा खरा प्रश्न. आणि लोकांना हे असलं आवडत नाही, त्यांना फक्त धक्के हवेत असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की हाच पिक्चर २०२४ मध्ये परत थिएटरला लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. दर दहा मिनिटांनी किंकाळी नाही, तरी लोक तिकीट काढून आले, काही तर दुसऱ्यांदा आले.

दचकण्यात मजा नाही असं मला म्हणायचं नाही. मित्रांच्या घोळक्यात एकदम सगळे ओरडतात आणि मग सगळे हसतात, त्यात एक मोकळेपणा असतो, आणि तो हवाच. माझी तक्रार एवढीच की पुरस्कार देणारे असोत, समीक्षा लिहिणारे असोत नाहीतर आपण असो, हॉररला आपण या एकाच मजेच्या खात्यात टाकून मोकळे होतो. आवाज, प्रकाश, फ्रेम, वेळ, म्हणजे सिनेमाची जी जी हत्यारं आहेत ती सगळी इतक्या उघडपणे आणि इतक्या काटेकोरपणे दुसऱ्या फार कमी प्रकारांत वापरली जातात. कौटुंबिक गोष्टीत एखादा कट दोन फ्रेम इकडे-तिकडे झाला तर चालून जातं, इथे दोन फ्रेमनी सगळा सीन पडतो. तरी वर्षाच्या शेवटी चांगल्या सिनेमांची यादी निघते तेव्हा हॉररला कोपऱ्यात वेगळं बसवलेलं असतं.

आणि आता त्यात आपल्या बघण्याचीही भर पडलीय. दुपारच्या उजेडात, फोनच्या एवढ्याशा स्क्रीनवर, ब्राइटनेस निम्मा, इअरफोन एकाच कानात, मध्येमध्ये मेसेज. अशा बघणाऱ्यासाठी पिक्चर बनवायचा म्हटल्यावर धाडकन आवाज करून त्याचं लक्ष ओढण्याशिवाय बनवणाऱ्याकडे दुसरं काय उरतं? 'हेरेडिटरी' (२०१८) मध्ये एक शॉट आहे, रात्र, मुलगा बेडवर जागा होतो, खोलीत निळसर अंधार. म्युझिक धक्का देत नाही, कॅमेरा कुठे बोट दाखवत नाही. नुसती खोली. आणि मागे वर, भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात, त्याची आई चिकटून बसलेली आहे. मी थिएटरमध्ये बघत होतो तेव्हा पुढच्या रांगेतल्या कोणाच्या तरी तोंडून आधी 'अरे' असं निघालं, मग डावीकडून कोणीतरी श्वास ओढला, मग मला दिसलं, आणि माझ्या शेजारी बसलेल्याला शेवटपर्यंत दिसलंच नाही, तो तेवढ्यात खाली वाकून फोन बघत होता.